तारापूरच्या किनाऱ्यावरील तांबडें मद्य : द्राक्षाच्या नांवांची चिकित्सा

(१)

उत्तर कोंकणांतील केळवें-माहीम, तारापूर, डहाणू या टापूवर सोळाव्या शतकापासून इ. स. १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या वर्षाच्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तारापूरचा कोट घेतला व मे महिन्यांत वसई घेतली, हें वाचकांस विदितच आहे. ज्यांच्या उपासनेंत द्राक्षमद्यावांचून चालत नाहीं आणि ज्यांच्या रोजच्या जेवणांतहि तें असावयाचें, असे लोक येथें इतका काळ राहिले. तेव्हां या किनाऱ्यावर द्राक्षांच्या बागा असल्या पाहिजेत आणि तांबड्या मद्याची कांहीं जुनी परंपराहि असली पाहिजे, असा तर्क सहज मनांत येतो. अलीकडे बोईसर-तारापूरच्या बाजारांत नाशिककडील तांबडी वाइन बेताच्या किमतींत मिळूं लागली आहे. ती पाहून हा जुन्याच परंपरेचा नवा अंकुर असावा असेंहि कोणास वाटेल. हा तर्क कितपत टिकतो तें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें योजिलें आहे.

आमच्या मतें तो टिकत नाहीं. या किनाऱ्यावर द्राक्षमद्य नेहमीं बाहेरून आलें. किनाऱ्याचें स्वतःचें मद्य ताडामाडाचें होतें. आणि या दोहोंमधील अंतर वेळोवेळीं उसन्या नांवांनीं व उसन्या रंगानें बुजविलें गेलें. पोथीची परीक्षा आपण बांधणीवरून करीत नाहीं, पाठपरंपरेवरून करतों. त्याचप्रमाणें मद्याची परीक्षा रंगावरून किंवा लेबलावरील भारदस्त शब्दावरून न करितां द्राक्षाच्या जातीवरून करावयास पाहिजे. हें न केल्यामुळें इतिहासांत काय गोंधळ होतो तें पुढें क्रमानें दाखवितों.

(२) संस्कृत ग्रंथांची साक्ष

प्रथम शब्दांचा विचार करूं. संस्कृत ग्रंथांत मद्य, सुरा, आसव, मधु हे शब्द दिसले कीं पुष्कळ भाषांतरकार सरसकट 'वाइन' असें लिहून मोकळे होतात. हें बरोबर नाहीं. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मद्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु. यांपैकीं द्राक्षाच्या रसाचें असें फक्त शेवटचें, म्हणजे मधु. बाकीच्यांत धान्य, पीठ, कवठ, गूळ, झाडांच्या साली व औषधी यांचा उपयोग आहे. आणि या मधूचीं जीं दोन नांवें तो देतो तीं दोन्ही देशांवरून पडलेलीं आहेत : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील बेग्रामचा प्रदेश. पाणिनीनेंहि चौथ्या अध्यायांत कापिशीपासून 'कापिशायन' हा शब्द साधण्यासाठीं स्वतंत्र सूत्र केलें असून, काशिकाकारांनीं त्याचीं उदाहरणें मद्य व द्राक्ष हींच दिलीं आहेत. ज्या वस्तूस तिच्या देशाच्या नांवानें हांक मारावी लागते ती वस्तु परदेशी, हें उघड आहे. गंगेच्या कांठच्या अधिकाऱ्यास द्राक्षमद्य म्हणजे वायव्येकडून आलेला माल होता.

कालिदासाची साक्ष याहूनहि नेमकी आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचे सैनिक कलिंगाच्या किनाऱ्यावर पोंचतात तेव्हां नारळीचें आसव पितात. पारसीकांच्या देशांत पोंचतात तेव्हां द्राक्षवेलींनीं वेढलेल्या भूमीवर मधु पितात. किनाऱ्यास माड आणि वायव्येस द्राक्ष, ही वांटणी कवीनें सहज केली आहे. आमच्या पुढील सर्व विवेचनाचें बीज तींतच आहे.

आयुर्वेदांत द्राक्षाची थोरवी पुष्कळ आहे. चरकानें फळांमध्यें मृद्वीकेस श्रेष्ठ मानिलें आहे. परंतु वैद्यांचें द्राक्षासव किंवा द्राक्षारिष्ट म्हणजे तांबडी वाइन नव्हे. त्यांत वाळलेलीं द्राक्षें, गूळ अथवा साखर, धायटीचीं फुलें आणि सुगंधी द्रव्यें असतात. फसफसण्यास लागणारी गोडी पुष्कळ अंशीं गुळाची असते. तें औषध आहे आणि औषध म्हणूनच त्याची योग्यता आहे. अमरकोशांत द्राक्षाचीं पांच नांवें आहेत. त्यांतील गोस्तनी हें आकारावरून व मधुरसा हें रसावरून पडलेलें दिसतें. म्हणजे संस्कृत कोशकारांस द्राक्षाचा देश ठाऊक होता आणि गुण ठाऊक होता. वेलाच्या जातींची मात्र त्यांनीं गणना केली नाहीं.

(३) सोपारें, संजाण आणि खापरांचा पुरावा

दि. १ ऑगस्ट २०१४ रोजीं स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यांत आज प्राचीन शूर्पारक, म्हणजे सोपारें, समाविष्ट आहे. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकलला, तेव्हांपासून या बंदराची कीर्ति विद्वानांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथांत भडोचास येणाऱ्या मालांत मद्याचा उल्लेख असून इटलीचें मद्य अधिक पसंत, त्याखेरीज लाओडिकीया व अरबस्थान येथील, असा तपशील आहे. भडोचानंतर दक्षिणेकडील स्थानिक बंदरांत सोपारें व कल्याण यांचीं नांवें येतात. येथेंहि कापिशायनाचाच न्याय दिसतो : मद्याचें नांव देशाचें, कारण मद्य परक्या देशाचें.

या व्यापाराचा दृश्य पुरावा म्हणून पश्चिम हिंदुस्थानांत सांपडलेल्या मोठ्या मातीच्या रांजणांच्या खापरांकडे बोट दाखविण्याची चाल होती. हीं सर्व रोमन मद्यपात्रें आहेत असें दीर्घकाळ मानलें जाई. परंतु इ. स. २००७ मध्यें रॉबर्टा टॉम्बर यांनीं खापरांची पुनः तपासणी करून दाखविलें कीं, त्यांतील कितीएक रोमन नसून इराकच्या बाजूचीं आहेत. तीं पात्रें लांबट, बिनकानांचीं, बुडाशीं निमुळतीं, आणि रस झिरपूं नये म्हणून आंतून डांबर फांसलेलीं असत. पाणतीराच्या आकाराशीं साम्य असल्यामुळें संशोधक त्यांस 'टॉर्पेडो' पात्रें म्हणतात. त्यांतून मुख्यतः मद्य येत असावें असें तज्ज्ञांचें मत आहे. पालघर जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडील संजाण येथील उत्खननांतहि अशीं पात्रें मिळालीं आहेत.

हा निष्कर्ष आमच्या टापूंतील लेखांशीं जुळतो. तारापुराच्या लगत असलेल्या चिंचणी येथील ताम्रपट दिनेशचंद्र सरकार यांनीं एपिग्राफिया इंडिकांत प्रसिद्ध केले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटावरून राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळीं संयान, म्हणजे संजाण, या मंडलाचा कारभार मधुमति नांवाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता असें समजतें. मधुमति हें महंमद या नांवाचें संस्कृत रूप होय. इराणी आखाताशीं इतका निकट संबंध असलेल्या किनाऱ्यावर तिकडचीं पात्रें यावींत यांत नवल नाहीं. पण खापरास एक चुकीचें नांव चिकटलें कीं व्यापाराची दिशाच कशी चुकते, हें येथें पाहण्यासारखें आहे. खापर तेंच होतें. नांव बदलतांच रोमच्या जागीं आखात आलें, आणि कित्येक ठिकाणीं काळहि खालीं सरकला.

(४) फिरंगी अंमलांतील तांबडें

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रोमन ख्रिस्ती उपासनेंतील मद्य द्राक्षाचेंच असलें पाहिजे असा चर्चचा नियम आहे; ताडीमाडी तेथें चालत नाहीं. वसईपासून डहाणूपर्यंतच्या चर्चांना तें लागणारच. पण त्यासाठीं येथें बागा लावल्या असाव्या असें मानण्यास निसर्गाची अनुकूलता नाहीं. पालघर-डहाणूकडे पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा खारट व दमट असते, आणि अशा हवेंत केवडा व भुरी हे द्राक्षाचे दोन हाडवैरी वेलास सोडीत नाहींत. अंगणांतील मांडवावर एखादा वेल तगेल; मद्याला पुरेल एवढी बाग तगणें कठीण. गोव्याच्या वाटेनें पोर्तुगालचें मद्य जहाजांतून आणणें हाच मार्ग होता, आणि समुद्रावरून कित्येक महिने प्रवास करून आलेला माल स्वस्त असणें शक्य नव्हतें.

मग सामान्य फिरंगी शिपायानें काय प्यावें? याचें उत्तर दोन समकालीन ग्रंथांत आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप औषधिग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला. त्यांत माडाच्या रसास 'सुरा' म्हणतात व ती ऊर्ध्वपातित करून तीव्र मद्य करतात अशी माहिती असून, तेजस्वी अर्काचें नांव 'फूल' असें दिलें आहे. हा शब्द आपलाच आहे, हें सांगावयास नको. 'उराक' हा शब्दहि त्याच व्यवहारांतला. गोव्यांत काजूच्या पहिल्या धारेस आजहि उर्राक म्हणतात.

दुसरा ग्रंथ यान हुयखेन व्हान लिन्शोटेन या डच गृहस्थाचा. इ. स. १५८३ पासून तो कांहीं वर्षें गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं होता; त्याचें प्रवासवर्णन इ. स. १५९६ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यानें सांगितलेली एक रीत आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. पोर्तुगीज लोक माडाच्या अर्काच्या पिंपांत होर्मुझहून आलेल्या मनुका घालीत, तें मुरूं देत, आणि कांहीं दिवसांनीं पोर्तुगालच्या मद्यासारखें तांबडें व गोडसर पेय तयार होई. त्यास 'विन्यु द पास्सा', म्हणजे मनुकांचें मद्य, असें नांव होतें. होर्मुझ त्या काळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें, इ. स. १६२२ मध्यें तें त्यांच्या हातून गेलें.

लिन्शोटेनचें वर्णन गोव्याकडील आहे. परंतु उत्तर कोंकणचा फिरंगाण त्याच राज्याचा भाग होता, माड-ताडांची तेथें वाण नव्हती, आणि होर्मुझची समुद्रवाट या किनाऱ्यास अधिक जवळची होती. म्हणून वसई-तारापूरकडील गरीब फिरंग्यांचें तांबडें याच तऱ्हेचें असावें असें अनुमान करण्यास हरकत दिसत नाहीं. देह माडाचा, रंग इराणी मनुकेचा आणि नांव पोर्तुगालचें, असें हें मिश्रण होतें. बेताच्या किमतीच्या तांबड्या मद्याचा या किनाऱ्यावरील पहिला अध्याय तो हा. त्यावरून द्राक्षबाग सिद्ध होत नाहीं. उलट द्राक्षबागेचा अभावच सूचित होतो.

(५) मराठी कागदांतील एक धोका

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य वाटतें. मराठेशाहींतील मोडी कागदांत 'दारू' हा शब्द वारंवार येतो. किल्ल्याच्या यादींत तो आला म्हणजे तेथें मद्याचा सांठा होता असें समजूं नये. फारशींत 'दारू' म्हणजे औषध. त्यावरून बंदुकीची दारू हा अर्थ आला. दारूगोळा, दारूखाना हे शब्द त्याचे साक्षी आहेत. मद्य हा अर्थहि त्याच शब्दास चिकटला. म्हणून तारापूर, शिरगांव, केळवें येथील कोटांच्या यादींत 'दारू' आढळल्यास तिच्या शेजारीं काय लिहिलें आहे तें पाहावें : शिसें, गोळे, बत्ती असल्यास प्रश्न मिटला.

उलट खरा पुरावा आपल्या स्वयंपाकघरांतील शब्दांत आहे. किसमिस, बेदाणा, अंगूर हे शब्द फारशी. बेदाणा म्हणजे दाणा, अर्थात् बी, नसलेला. मनुका हा शब्दहि अरबी 'मुनक्का' याच्याशीं संबद्ध दिसतो. ओल्या फळापेक्षां वाळलेल्या फळाचीं नांवें आपल्याकडे अधिक रुळलीं, यावरून घरोघर द्राक्ष कोणत्या रूपानें पोंचत होतें तें कळतें : वेलावरून खुडून नव्हे, तर गोणींतून.

किनाऱ्याच्या स्वतःच्या मद्याची नोंद मात्र कराच्या कागदांत भरपूर आहे, कारण सरकारची दृष्टि तेथें होती. इ. स. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें झाडांच्या छेवावरील कर वाढला आणि भंडारी समाजाच्या पिढीजात धंद्यास मोठा धक्का बसला. इ. स. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावर निर्बंध आले. त्याचा जाच मुख्यतः वारली आदि वन्य जमातींस झाला. पुढें इ. स. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. या तिन्ही कायद्यांत ज्यांच्या घरांवर छापे पडले ते ताड, माड व मोह यांचे लोक होते. ही गोष्ट लक्षांत ठेविली म्हणजे, द्राक्षमद्यास किनाऱ्याची 'प्राचीन परंपरा' म्हणण्यांत केवळ शब्दाची चूक होत नाहीं, तर ज्यांची परंपरा खरी होती त्यांचें नांवच पुसलें जातें, हें कळून येईल.

(६) घाटावरील वेल

द्राक्षाचा वेल महाराष्ट्रांत जुना आहे. पण तो घाटावर. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला तेव्हां तेथें द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात असें त्यानें लिहून ठेविलें. यांत अतिशयोक्ति नाहीं. थंड देशांत हिंवाळ्यांत वेल झोंपतो. आपल्याकडे तो झोंपत नाहीं, व छाटला कीं पुनः फुटतो. म्हणून आजहि बागाईतदार वर्षांतून दोन छाटण्या करतात : एप्रिलांत खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पहिलीनें काडी तयार होते, दुसरीनें फळ येतें, व फेब्रुवारी-मार्चांत घड उतरतात. दोन बहारांपैकीं पावसांत सांपडणारा बहार सोडून देण्याची ही युक्ति आहे. नाशिक-पुण्याकडे पूर्वीं पांगाऱ्याच्या खुंटावर वेल चढवीत. आज 'खुंट' म्हणजे आधार नव्हे, मूळ असा अर्थ झाला आहे. पुष्कळ बागांतील वेल डॉगरिज नांवाच्या अमेरिकन खुंटावर कलम केलेले असतात.

जुन्या जातींचीं नांवें ऐकण्यासारखीं आहेत : भोकरी, फकडी, हबशी, साहेबी, पंढरी साहेबी. भोकरी हें भोकराच्या फळाशीं साम्यावरून, हबशी हें काळेपणावरून, साहेबी हें मानावरून पडलेलें दिसतें. एकाच वेलास प्रांतोप्रांतीं निराळीं नांवें असत. आपली भोकरी ती तमिळनाडूंत पच्चद्राक्ष. तेथील कंबम खोऱ्यांतील पन्नीर द्राक्ष तेंच गुलाबी, व तेंच युरोपांत मस्कत हांबुर्ग. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बिनबियांच्या थॉम्प्सन जातीनें या सर्वांस मागें सारलें. तिच्यापासून आपल्या शेतकऱ्यांनीं निवडलेल्या वेलांचीं नांवेंहि इतिहासाच्या अभ्यासकानें टिपून ठेवावीं. सोलापुराजवळच्या नान्नजचा सोनाका, तासगांव तालुक्यांतील बोरगांवचा तास-ए-गणेश. दुसऱ्या नांवांत तासगांवास फारशी इजाफतीनें गणपतीशीं जोडलें आहे. अशी संधि कोणत्याहि व्याकरणकारास सुचली नसती.

परंतु हीं सर्व खाण्याचीं द्राक्षें. मद्याचें द्राक्ष लहान, जाड सालीचें व बियांचें असतें. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर तो पांढराच निघतो. तांबडा रंग व तुरटपणा हे साल रसांत मुरल्यानें येतात. म्हणून जात बदलली कीं मद्य बदलतें.

(७) नव्या वेलांचीं नांवें

इ. स. १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांनीं फ्रेंच पद्धतीच्या फेसाळ मद्याचा कारखाना चालविला. पुढें तो धंदा बसला. शतकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनीं नाशिक येथें सुला हा कारखाना काढला. इ. स. २००१ मध्यें महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून करांत सवलती दिल्या, आणि नाशिक, दिंडोरी, निफाड या बाजूस मद्याच्या द्राक्षांची लागवड वाढली. पुढें नाशिक खोऱ्याच्या वाइनीस भौगोलिक निर्देशाचा दर्जाहि मिळाला. बोईसरच्या दुकानांतील तांबडी वाइन मुख्यत्वें तिकडून येते. तिच्या लेबलावर देशाच्या नांवाहून वेलाच्या जातीचें नांव ठळक असतें. कौटिल्याच्या काळापासून चालत आलेली रीत येथें उलटली आहे.

पण हीं नांवेंहि परीक्षेवांचून घेऊं नयेत. 'शिराज' हें नांव पाहून इराणांतील शिराज शहर आठवतें, आणि तेथूनच हा वेल फ्रान्सांत गेला अशी आख्यायिका पुष्कळ दिवस चालली. इ. स. १९९८ मध्यें आनुवंशिक तपासणीनें ठरलें कीं, हा वेल दुरेझा व मोंदूझ ब्लांश या फ्रान्सच्या आग्नेय भागांतील दोन जातींचा संकर आहे. शिराज शहराशीं त्याचा रक्ताचा संबंध नाहीं. काबर्ने सोव्हिन्यों हा काबर्ने फ्रां व पांढरा सोव्हिन्यों यांचा संकर, हें इ. स. १९९७ मध्यें सिद्ध झालें. येथें मात्र नांवानें वंश खरा सांगितला होता. झिन्फान्डेल ही अमेरिकेची स्वतःची जात असें कॅलिफोर्नियांत अभिमानानें म्हणत. ती इटलींतील प्रिमितिव्हो आणि क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील एक जवळजवळ नष्ट झालेली जात हीं तिन्ही एकच, असें इ. स. २००१ मध्यें ठरलें. उलट 'बंगलोर ब्ल्यू' हें नांव अगदीं देशी दिसतें. तो वेल म्हणजे अमेरिकन रक्ताचा इझाबेला. तिघांच्या नांवांत आपापल्या देशाचा दावा आहे आणि तिघांचाहि दावा खोटा ठरला. नामसादृश्यावरून वंश ठरविण्याची खोड आपल्या क्षेत्रांतहि कमी नाहीं. त्यांनीं यावरून बोध घ्यावा.

(८) प्रत्यक्ष परीक्षा

ग्रंथप्रामाण्यास प्रत्यक्षाची जोड असावी म्हणून आम्हीं बोईसरच्या बाजारांतून कमी किमतीच्या तीन बाटल्या रीतसर परवान्यानें आणविल्या : एक शिराज, एक काबर्ने सोव्हिन्यों आणि एक 'पोर्ट' या नांवाची. दोन स्नेह्यांसह, लेबलें कागदानें झांकून, एकेक घोट घेतला. पुष्पिका फाटलेल्या पोथीचा काळ अक्षरवटिकेवरून ठरवावा तसाच हा प्रकार.

पहिलींत मिऱ्याचा वास स्पष्ट होता. हा भास नव्हे. शिराजच्या सालींत असणारें व मिऱ्यांतहि असणारें एक द्रव्य ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं इ. स. २००८ मध्यें ओळखून काढलें आहे. दुसरी जिभेस अधिक तुरट. तिला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा पुसट वास होता, व तोहि काबर्नेच्या वंशाचा ठरलेला गुण आहे. तिसरी गोड, आणि तिचा वास मोगऱ्याच्या जवळ जाणारा. या वासाचें द्रव्य अमेरिकन वंशाच्या द्राक्षांत असतें. 'पोर्ट' नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या देशी मद्यांत बंगलोर ब्ल्यू पुष्कळदां वापरतात, त्याच्याशीं हें जुळतें. लेबलें उघडलीं तेव्हां तिन्हींची ओळख पटली होती. षड्रसांपैकीं कषाय या रसाचें नांव आपल्या वैद्यांनीं नीट बसविलें आहे. तांबड्या वाइनीचें वर्णन करण्यास त्याहून चांगला शब्द आम्हांस सुचत नाहीं.

नवख्यांसाठीं दोन व्यावहारिक गोष्टी सांगतों. तांबडी वाइन 'खोलीच्या उष्णतेवर' प्यावी हा नियम थंड देशांतील खोल्यांचा आहे. बोईसरच्या उन्हाळ्यांत ती थोडा वेळ शीतपेटींत ठेवूनच घ्यावी, नाहीं तर नुसता मद्यांश नाकांत चढतो व जात कळत नाहीं. आणि उघडलेली बाटली दोनतीन दिवसांत संपवावी; पुढें तिचें शुक्त होऊं लागतें.

आतां 'पोर्ट' या शब्दाकडे पाहा. पोर्तो हें पोर्तुगालचें बंदर. तेथून जाणाऱ्या दोऊरू खोऱ्यांतील मद्याचें तें नांव, व त्या खोऱ्याची सीमा इ. स. १७५६ मध्यें राजाज्ञेनें आंखली गेली. आपल्या बाजारांतील स्वस्त गोड तांबड्यास तें नांव कसें पोंचलें हें वेगळें सांगण्याची गरज नाहीं. लिन्शोटेनच्या पिंपांत जें घडत होतें तेंच येथें घडलें आहे : फळ निराळें, रंग तांबडा आणि नांव पोर्तुगालचें. या किनाऱ्यावर एखादी परंपरा अखंड चालली असेल तर ती हीच.

(९) उपसंहार

एवंच, उत्तर कोंकणांत द्राक्षमद्याचा इतिहास आहे, पण तो वेलाचा नसून बंदराचा आहे. सोपाऱ्याच्या काळीं तें रोम व आखात येथून आलें, फिरंगी काळीं पोर्तुगालहून, आणि आज घाट उतरून येतें. ताडामाडाचें मद्य या भूमीचें. त्यास त्याच्या नांवानेंच ओळखावें. किनाऱ्यानें स्वतःच्या फळाचें मद्य स्वतःच्या नांवानें करणें अशक्य नाहीं. घोलवड-डहाणूच्या चिकूस भौगोलिक निर्देश मिळाला आहे आणि बोर्डी येथें त्या चिकूची वाइनहि होऊं लागली आहे. तिच्या नांवांत चिकू आहे व बाटलींतहि चिकूच आहे. एवढा प्रामाणिकपणा 'पोर्ट'च्या नांवांत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस विनंति. फकडी, हबशी, साहेबी हे वेल बागांतून जवळजवळ गेले. त्यांचीं नांवें तरी कागदांतून जाऊं नयेत. ज्यांच्या घरीं नाशिक, जुन्नर, पुणें, औरंगाबाद या बाजूंचे जुने जमाखर्च, बागांचे करार, नजराण्याच्या याद्या असतील, त्यांनीं 'द्राक्षें' हा शब्द जेथें येईल तेथें त्यापुढील जातीचें नांव, वजन व किंमत उतरून घ्यावी. केळवें-माहीम, तारापूर, डहाणूकडील जकातीच्या कागदांत मनुका, किसमिस, फिरंगी मद्य यांच्या नोंदी मिळाल्यास त्या तारखांसह या त्रैमासिकाकडे पाठवाव्या. असे रुमाल वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं सोडले गेले पाहिजेत. एका नोंदीनें कांहीं सिद्ध होत नाहीं. पन्नास नोंदी जमल्या कीं कोणता वेल कोणत्या दशकांत आला व गेला याचा नकाशा मांडतां येईल, आणि प्रस्तुत लेखांत जेथें आम्हांस अनुमानावर भागवावें लागलें तेथें लेखी पुरावा उभा राहील.